हॉटकेसमधला प्रसाद

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आजींनी नेमकं काय खाल्लं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या खाटेवरूनच म्हणाल्या, "काय न्हाई. साधा वरनभात."

भाताचं नाव ऐकूनच मी तोंडावर पदर धरला.

"किडनीला मार बसलाय," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. "याला अक्यूट किडनी इंज्युरी म्हणतात. अक्यूट म्हणजे अचानक झालेलं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, किडनीला रक्त कमी पडलं आणि तिनं काम थांबवलं. आम्ही सलाईन देऊन बघतो. लघवी सुरू झाली तर ठीक. नाही झाली तर डायलिसिस करावं लागेल."

डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनवर करून घेणं, शरीरातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडणं. आत्यांनी हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. भातानं असं होतं?

होतं. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरी उरलेलं अन्न 'गरम केलं की झालं' असं म्हणून खाल्लं जातं, म्हणजे जवळपास सगळ्यांच्याच घरी, त्यांनी हे वाचावं. फक्त जेवताना वाचू नका. यात घाण पुष्कळ आहे आणि ती गाळून सांगायचा माझा विचार नाही.

आमचं चाकूरला भांड्यांचं दुकान आहे. मी आणि माझे मिस्टर मिळून ते चालवतो. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्यांचं वय ऐंशीकडे झुकलेलं, पण घरचा ओटा अजून त्यांच्याच ताब्यात. चौथा माझा मुलगा ओंकार. तो कॉलेज संपवून आता दुकानाचं ऑनलाइन बघतो आणि उरलेल्या वेळात जिममध्ये दंड फुगवतो.

त्या दिवशी संध्याकाळी मठातून महाप्रसाद आला. शेजारचे काशीनाथअप्पा दरवेळी घेऊन येतात. पातेलंभर भात, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आणि भाजी. सगळं वाफाळतं आणि उत्तम. प्रसादात काही खोट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. खोट पुढे आमच्या घरात झाली.

आम्ही लिंगायत. प्रसादाचं शीत खाली पडू द्यायचं नाही, ताटात टाकायचं नाही. आत्या तर जेवण झाल्यावर ताटात पाणी ओततात, बोटांनी फिरवतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. भाजीचा तवंग, भाताची कणी, सगळ्यासकट. माझ्या माहेरी हे एवढं कडक नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते गढूळ पाणी कधी माझ्या घशाखाली उतरलं नाही. त्या पीत असल्या की मी दुसरीकडे बघते.

हुग्गी आणि भाजी संपली. भात उरला, आणि चांगला उरला. आता कुणीही म्हणेल, फ्रिजमध्ये ठेवायचा. पण आमच्या फ्रिजमध्ये अंडी आहेत. ओंकारची. यावरून घरात मोठं रामायण झालं होतं. शेवटी ठरलं की अंडी झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात राहतील. आत्यांनी वरवर मान्य केलं, पण त्या दिवसापासून फ्रिजच्या दाराला हात लावला नाही. त्यांचं दूध, त्यांचं दही बाहेर. मग प्रसाद अंड्यांच्या डोक्यावर ठेवायचा तर प्रश्नच नव्हता.

तेव्हा त्यांनी आमच्याच दुकानातला मोठा हॉटकेस काढला, गरम भात त्यात दाबून भरला, झाकण घट्ट फिरवलं आणि देवघरासमोर ठेवला. त्यांच्या मते याच्याइतकी पवित्र आणि सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती.

सकाळी झाकण उघडलं तर भात अजून कोमट होता. आत्या खूश. "बघ, तुमच्या फिरीजपेक्षा चांगलं." मलाही आमच्या मालाचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्यांनी शेंगदाणे, कढीपत्ता, हिंग घालून फोडणीचा भात केला. मिस्टर तेव्हा माल आणायला नांदेडला निघाले होते, ते चहावरच गेले. ओंकार भात खातच नाही. मी दुकान उघडायच्या घाईत होते. आत्यांनी थोडा खाल्ला आणि उरलेला परत त्याच हॉटकेसमध्ये दाबला.

दुपारी मी जेवायला घरी आले. आत्यांनी तोच भात तव्यावर परतला, वरवर, आणि मला वाढला. पहिला घास तोंडात घेतला तर बाहेरून गरम आणि आत गोळा कोमट. दुसऱ्या घासाला बोटं बुळबुळीत लागली. मी बोटं उघडली तर दोन बोटांच्या मध्ये बारीक तार लोंबत होती. मग वास आला. ओलं फडकं कपाटात कोंडून ठेवल्यावर येतो ना, तसा.

"आत्या, भाताला तार सुटलीय."

"तेल हाय ते."

"वास येतोय."

"हिंगाचा येतोय. गरम केलाय की. इस्तू लागला की दोष जातो."

मी ताट पुढे सरकवलं. आत्यांचा चेहरा पडला. "परसाद हाय सुरेखा. टाकलास तर कुठं फेडशील?"

मी म्हटलं, फेडीन कुठंतरी, पण हे मी खाणार नाही. आणि हात धुवायला उठले. परत येऊन बघते तर आत्यांनी माझं ताट स्वतःकडे ओढलेलं. माझा उष्टा, तार सुटलेला भात त्या शांतपणे खात होत्या. सगळा संपवला. मग हॉटकेसच्या तळाचाही खरवडून खाल्ला. मग ताटात पाणी ओतलं, फिरवलं आणि प्यायल्या. मला इतकी किळस आली, आणि इतका राग, की मी सरळ दुकानात निघून आले.

दुकानात एका बाईला कुकर दाखवत होते. शिट्टी कशी बसवायची हे सांगता सांगता तोंडाला पाणी सुटलं, आणि पुढच्या क्षणी मी विकायच्या नव्या कोऱ्या बादलीत ओकत होते. ती बाई कुकर तिथेच टाकून पळाली. मी नंतर बादलीत पाहिलं. पाहू नये, पण माणूस पाहतोच. शितं होती तशीच होती, कढीपत्त्यासकट.

माझे तर दोन घास होते. घरी आले तेव्हा आत्या मोरीत बसल्या होत्या, भिंतीला टेकून. वरून आणि खालून दोन्हीकडून चालू होतं. लुगडं, फरशी, भिंत, सगळं. मी त्यांना उचलायला वाकले आणि त्यांच्या शेजारीच पुन्हा ओकले. अशा दोघी सासू-सुना एकाच मोरीत.

आम्हाला दोघींना धुतलं कुणी? ओंकारनं. अंडी खाणाऱ्या ओंकारनं. नाकाला रुमाल बांधून त्यानं आजीला अंघोळ घातली, लुगडं बदललं, फिनाईलनं फरशी घासली. घरात उभं राहू शकणारा तो एकटाच होता.

मग शेजारपाजार जमला. एकीनं जायफळ उगाळून आणलं, एक म्हणाली नजर लागली, उतरवा. एका शहाणीनं तर दहीभात कालवून आणला. दहीभात! मी तो तिच्यासमोरच बाहेर नेऊन ठेवायला सांगितला, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या, असं एकाही माणसाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले. आत्यांचं थांबेना. त्यांना दवाखान्यात चला म्हटलं की त्या म्हणत, "खामखा कशाला? जाऊ दे बाहेर घाण." आणि तशाच अवस्थेत त्यांनी रोजच्या गोळ्या मात्र नेमानं घेतल्या. बीपीची एक आणि गुडघे दुखतात म्हणून दुखण्याची एक. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं की अंगात पाणी नसताना या दोन गोळ्या एकत्र किडनीला फार जड जातात. उलट्या-जुलाब लागले की कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली थांबवायची, हे आधी डॉक्टरांना विचारायचं. आम्हाला कुठं माहीत होतं.

दुपारनंतर आत्या हाक मारली तरी डोळे उघडेनात. ओंकारच्या लक्षात आलं की त्या कालपासून लघवीलाच गेल्या नाहीत. चाकूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, इथं थांबू नका, सरळ लातूरला घेऊन जा.

तर लातूरच्या त्या दवाखान्यात, सलाईननं थोड्या सावध होऊन, आत्या डॉक्टरबाईंना सांगत होत्या की साधा वरणभात खाल्ला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण भोळ्या नव्हत्या. म्हणाल्या, "आजी, खरं सांगितलं नाही तर मी भलतंच शोधत बसेन, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नाही."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुठल्या वेळी मी गप्प बसले असते. पण मी सांगितलं. प्रसाद, हॉटकेस, फोडणी, तवा, तार, सगळं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक बॅसिलस सीरियस. हा एक जंतू आहे. तांदळातच असतो. त्याचं बी इतकं चिवट की भात शिजला तरी ते मरत नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागं होतं, वाढतं आणि भातात विष सोडतं. "तुम्ही नंतर गरम करता तेव्हा जंतू मरेलही. पण त्यानं आधी सोडून ठेवलेलं विष उकळलं तरी जात नाही. गार भात फ्रिजमध्ये असता तर हे झालं नसतं. तुमचा भात रात्रभर ना धड गरम, ना धड गार. त्याला हवं होतं तसंच ठेवलंत."

आत्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टरबाई गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "परसादाला नावं ठिवलीस. चार लोकांत." आणि माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी हवं असलं तरी ओंकारला सांगायच्या.

आता सगळं एका पिशवीवर येऊन ठेपलं. आत्यांना कॅथेटर लावला होता. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, ती खाटेखाली टांगलेल्या पिशवीत येते. पिशवी रिकामी होती. मिस्टर नांदेडहून थेट दवाखान्यात आले, त्यांनी आधी आईकडे पाहिलं आणि मग खाली वाकून पिशवीकडे. आम्ही तिघंही येता-जाता वाकत होतो. मी आयुष्यभर घाणीला नाक मुरडणारी बाई. कुणाच्या लघवीची अशी वाट बघेन असं वाटलं नव्हतं. मी आत्यांवर रागावलेली होते आणि त्या मरतील अशी भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

बाहेर नातेवाइकांच्या बसायच्या जागेत तर अन्नाचंच राज्य. गावाकडून आलेले डबे खुर्च्यांखाली पडलेले. एक काका सकाळचं पिठलं संध्याकाळी उघडून हुंगत होते. हुंगून ठरवतात लोक! ज्या भातानं आम्हाला आडवं केलं त्याला सकाळी काही वास नव्हता. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि पुष्कळदा वास येतच नाही. एका बाईच्या डब्यातल्या रश्श्यावर तेलाचा थर गोठलेला होता आणि ती त्यात चपाती बुडवून खात होती. मी जागा बदलली.

खालच्या कॅन्टीनमध्ये पुलावाचे तयार डबे मिळायचे. मागितला की मुलगी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून द्यायची. ओंकारला भूक लागली म्हणून मी त्याच्यासाठी एक घेतला. कडेचा भात चटका देत होता. मी मधोमध चमचा खुपसला, आत थंडगार.

"गरमच हाय की ताई," मुलगी म्हणाली.

"कडेला गरम हाय. मधी हात लावून बघ."

तिनं तोंड वाकडं केलं, पण परत आत ठेवला. मी अर्ध्यात बाहेर काढायला लावला, खालीवर हलवला, गोळे फोडले, पुन्हा फिरवला आणि मधून वाफ निघाली तेव्हाच घेतला. मागची रांग माझ्या नावानं खडे फोडत होती. फोडू देत. त्यांच्यापैकी कुणी नव्या बादलीत ओकलेलं नव्हतं.

मी परत वर गेले तर ओंकार जिन्यातच उभा, मला हातानं वर बोलावत. मी डबा त्याच्या हातात कोंबला आणि धावले. पिशवीच्या तळाशी गडद, चहासारखी, थोडीशी लघवी जमली होती. नर्स म्हणाली, "आली बघा." मिस्टर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला लागली, रंग उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, डायलिसिसची गरज दिसत नाही. मी त्यांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आत्या तरी बोलत नव्हत्याच. सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते. तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "त्या भाताला तार होती."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"मला दिसली व्हती."

माझा हात थांबला. "दिसली होती? मग खाल्लात कशाला? ते पण माझं उष्टं?"

"तुझ्या ताटात ऱ्हायला असता तर पाप तुला लागलं असतं," त्या म्हणाल्या. "पोराबाळाची बाई तू. माझं काय, माझं झालंय सगळं."

मला वाटलं होतं, ही म्हातारी अडाणी आहे, हट्टी आहे, हिला भाताच्या शितापुढे माणसाची किंमत नाही. आणि ती माझ्या वाटचं खाऊन बसली होती. मला रडू फुटलं आणि त्याच दमात मी त्यांच्यावर ओरडलेही, की असलं पाप मला हजार वेळा लागू दे, पण पुन्हा असं कराल तर बघा. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आत्या म्हणाल्या, "हळू. केस वडू नको."

घरी आल्यावर बरेच दिवस मला भात चालला नाही. वास आला तरी उमासे यायचे. तो हॉटकेस मी भंगारात दिला. त्याचा काही दोष नव्हता, चार तासांच्या जेवणासाठी तो चांगलाच आहे, पण मला डोळ्यांसमोर नको होता. आता दुकानात कुणी हॉटकेस घेतला की मी न विचारता सांगते, रात्रभर अन्न ठेवायला हा नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मिस्टर डोक्याला हात लावतात.

पुढच्या वेळी काशीनाथअप्पा प्रसाद घेऊन आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. आत्यांचा आवाज ऐकू आला.

"अप्पा, कवा शिजलाय ह्यो?"

अप्पा चपापले. "काकू, परसादाला असं कुनी इचारतं का?"

"हाव. मी इचारते."

"आत्ताच की. कढईतून काढून थेट तुमच्याकडंच आलो."

"मग गरम हाय तवर वाटून टाकू. परसाद वाटायचा असतो, कोंडून ठिवायचा न्हाई. माझीच मती फिरली व्हती." आणि त्यांनी ओंकारला आळीभर फिरवलं. ज्या शेजारणीनं दहीभात आणला होता तिच्याकडेही एक वाटी गेली.

थोडासा भात तरी उरलाच. मी बघत राहिले. आत्यांनी तो परातीत पातळ पसरला, पंख्याखाली ठेवला, निवला तसा लगेच पसरट डब्यात भरला. मग फ्रिजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. खालच्या कप्प्यातल्या अंड्यांच्या डब्याकडे नाक मुरडून एकदा पाहिलं आणि प्रसाद सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला.

"आज्जी, अंडी काढून टाकू का?" ओंकारनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे. तू मोरी धुतलास तवा मी काय इचारलं का, काय खाऊन आलास म्हनून?"

सकाळी त्यांनी भातावर पाण्याचा हबका मारला, गोळे फोडले, झाकण ठेवून दणदणीत वाफ काढली आणि मधोमध बोट घालून पाहिलं. चटका बसला तसं बोट तोंडात घातलं. होता तेवढा एकाच वेळी संपवायचा, पुन्हा गरम करायचा नाही, हे त्यांनीच मला ऐकवलं, जणू मला माहीत नव्हतं. दोन ताटं वाढली. पहिला घास स्वतः खाल्ला, थोडं थांबल्या, आणि मग माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी पहिला घास घेतला. शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मग तांब्या उचलला, ताटात पाणी ओतलं, बोटांनी फिरवलं. आत्या माझ्याकडे बघत होत्या. मी ताट तोंडाला लावलं आणि ते पाणी प्यायले.

चव विचाराल तर घाणच होती. पण खाली उतरलं.